तळाची इर्जिक

केसोजींनी तलाव खोदला. केसोजींचे चिरंजीव बळीरामजी यांनी त्याची पाळ दोन हात उंच केली. बळीरामजींचे चिरंजीव नत्थूजी यांनी त्या पाळीवर आंब्याची अकरा झाडे लावली आणि उरलेले आयुष्य त्यांच्या सावलीत बसून, कोण काय चुकीचे करीत आहे, हे पाहण्यात घालवले. या नत्थूजींच्या सूनबाई म्हणजे भागीरथाबाई. मधल्या पिढीत त्यांचे यजमानही होऊन गेले. परंतु ते स्वभावाने इतके मऊ होते, की घराण्याचा इतिहास सांगताना भागीरथाबाई त्यांच्यापाशी क्षणभर थांबत, हात जोडत आणि पुढे जात.

गिरडच्या टेकडीवरचा दर्गा सकाळच्या उन्हात जिथून स्पष्ट दिसतो, ते हे धामणखेडा. या गावात भागीरथाबाईंचा शब्द ग्रामपंचायतीच्या ठरावाआधी पोहोचत असे आणि ठरावानंतरही टिकत असे. वय अठ्ठ्याहत्तर, गळ्यात तुळशीची माळ, आवाज असा की तो ऐकून बैल आपणहून जुवाखाली मान देत.

घराण्यावर एकच ऋण होते, आणि ते पैशाचे नसल्यामुळे फिटत नव्हते.

त्याचे असे झाले होते, की केसोजींनी तलाव खोदला तो मुरमाच्या जमिनीत. पहिल्या वर्षी पाणी भरले आणि दिवाळीपर्यंत निघून गेले. दुसऱ्या वर्षी दसऱ्यालाच गेले. केसोजींनी तलाव खोदला नाही, चाळणी खोदली, असे लोक बोलू लागले. तिसऱ्या वर्षी मासेमारी करणारा सोमाजी ढीवर स्वतःसकट भावकीतली चाळीस माणसे आणि होत्या तेवढ्या म्हशी घेऊन आला. त्याने तळावर काळी चिकणमाती पसरवली आणि सगळ्यांनी मिळून ती आठ दिवस तुडवली. तुडवून तुडवून तलावाचे बूड मडक्याच्या बुडासारखे झाले. पाणी थांबले, ते आजपर्यंत. केसोजी काही देऊ लागले तेव्हा सोमाजी म्हणाला, "हे मजुरी नोहे मालक, इर्जिक हाये."

इर्जिक म्हणजे एकाच्या कामाला साऱ्यांनी आपापले हात आणि जनावरे घेऊन धावून जायचे, हाक देणाऱ्याने जेवू घालायचे, आणि पुढे दुसऱ्याची हाक आली की तितकीच माणसे तितकेच दिवस त्याच्याकडे राबून ते फेडायचे. अडचण एवढीच, की ढिवरांना शेत नव्हते. नांगरायचे काही नाही, कापायचे काही नाही. हाक देणार तरी कशासाठी? केसोजी गेले, बळीरामजी गेले. नत्थूजींच्या तोंडात शेवटचे पाणी घालताना त्यांनी डोळे उघडले आणि म्हणाले, "सूनबाई, ढिवराची इर्जिक बाकी हाये." आणि मिटले.

सोमाजीचा पणतू चिंधू आता सत्तरीचा. भागीरथाबाईंनी त्याला आजवर एक धोतरजोडी, एक कालवड आणि एक सायकल देऊन पाहिली. चिंधूने प्रत्येक वस्तू आनंदाने घेतली आणि प्रत्येक वेळी तेच सांगितले.

"भेट पोहोचली, बाई. इर्जिक जशीच्या तशी."

मार्गशीर्षात भागीरथाबाईंची नात सुरभी आठ दिवसांच्या रजेवर घरी आली. ही मुलगी एवढे शिकून कोकणच्या किनाऱ्यावर नोकरी करीत होती. मोठ्या बोटींच्या जाळ्यांत काय काय वर येते, त्याची मोजदाद करायची, हे तिचे काम. नात मासळी मोजते, हे माळकरी घराण्याने सांगावे तरी कसे? भागीरथाबाईंनी पिपरी मेघेच्या नातलगांना 'सुरभी मोजणीच्या कामावर आहे' असे कळवले होते. नातलगांनी ते भूमापन समजून आपल्या प्लॉटच्या कुंपणाचे दोन वादही तिच्यासाठी राखून ठेवले होते.

संध्याकाळी अंगणात सुरभीने मोबाईलवर एक चित्रफीत दाखवली. समुद्राच्या तळाशी लोखंडी फळ्या आणि जाड साखळी लावलेले जाळे बोटीमागून फरफटत चालले होते, आणि मागे गढूळ धुराळा उठत होता. भागीरथाबाईंचे चिरंजीव धनंजय आणि शेजारचे कैलास ती लक्षपूर्वक पाहत होते.

"वा!" कैलास म्हणाले. "काय खोल वखरणी हाये!"

"वखरणी नाही, कैलासकाका," सुरभी म्हणाली. "तिथं जीव राहतात. अंडी घालतात, पिल्लं लपतात. हे सगळं खरवडून निघतं."

"पण समुद्र झाल्यापासून तिथं कोणी वखर घातला होता काय?" भागीरथाबाईंनी विचारले.

"नाही ना, आजी!"

"मंग ढेकळं केवढी झाली असतीन पाय! पडीत जमीन हाये ते. वखरल्याबिगर जमीन सुटत नाई, पोरी. त्या बोटवाल्याले अक्कल हाये."

सुरभीने मोबाईल बंद केला. ज्या गावात वखराचे लोखंडी पाते जमिनीत जाऊन ढेकळे फुटणे हेच पुण्य, तिथे तिचा समुद्र पहिल्याच तासाला बुडाला.

दुर्दैव असे, की तीच चित्रफीत जाम गावच्या चौकात अंकितनेही पाहिली होती आणि त्याला ती फार आवडली होती. जामला भैय्याजींचे धान्याचे दुकान. अंकित हा त्यांचा मुलगा. यंदा तलावातील मासेमारीचा ठेका त्याने घेतला होता. त्याच्यासाठी चिंधू पाण्यात उभा राहून जाळे फेकी आणि दिवसाकाठी टोपलीभर मासळी काढी, हे अंकितला पाहवेना. त्याने वेल्डिंगवाल्याकडून ट्रकच्या जुन्या कमानपाट्यांचे वजन आणि लोखंडी साखळी लावून एक जाळे बनवून घेतले. दोन ट्रॅक्टर, एक या काठाला, एक त्या काठाला. जाळे मधून तळ घासत जाणार. परंतु ट्रॅक्टर पाळीवर चढवायचे तर आंबे भागीरथाबाईंचे. तो परवानगीसाठी आला. मुलगा धंद्यातला, कोणापुढे काय बोलावे, हे जाणून होता.

"आजी, तलावाचं बूड लय वर्षं झाले पडीत हाये. वखरून देतो. फुकट."

भागीरथाबाईंचा चेहरा उजळला. "पाय, सुरभी. या पोराले समजते."

"आजी, नको. मी हात जोडते."

"मले वखरणी शिकवतं काय तू? तुह्या बापाचा जन्म झाला त्या दिवशी दुपारपर्यंत मी वावरात होतो!" आवेशात आल्या की त्या स्वतःविषयी पुरुषासारख्या बोलत. "घेऊन जाय रे, ट्रॅक्टर. आंब्याले धक्का लागला तर मात्र तुले वखरीन."

मंगळवारी पूर्वेच्या उथळ कोपऱ्यात चाचणी झाली. एक ट्रॅक्टर धनंजयचा, एक कैलासांचा. जाळे बाहेर आले तेव्हा दोन टोपल्या मासळी निघाली, आणि उरलेला सगळा काळा ढीग पाळीवर उलटण्यात आला. अंकितने टाळ्या वाजवल्या. चिंधूने त्या ढिगातून दोन जिवंत कासवे उचलून पाण्यात सोडली, ढिगावर ओली पोती टाकली, आपले जाळे घडी करून खांद्यावर घेतले आणि जाता जाता तो भागीरथाबाईंपाशी थांबला.

"बाई, दगडावरच्या खाचा पाहत जाजा."

पाण्यात उतरणाऱ्या पायरीच्या दगडावर नत्थूजींनी पाण्याची पातळी मोजण्यासाठी खाचा पाडून ठेवल्या होत्या. बुधवारी सकाळी पाणी चार बोटे खाली होते. ऊन कडक पडले असेल, असे भागीरथाबाईंनी मार्गशीर्षातल्या थंडीत शालीत गुरफटून स्वतःला सांगितले. गुरुवारी ते आणखी चार बोटे उतरले. भागीरथाबाई पाळीवरून पलीकडे गेल्या. दिवाळीपासून कोरडा पडलेला नाला खळखळत होता, आणि त्यात कैलासांची म्हैस मोठ्या समाधानाने बसली होती.

त्या तिथेच पाळीवर बसल्या. उठताना कोणाचा हात त्यांनी आजवर घेतला नव्हता. त्या दिवशी आंब्याच्या फांदीचा घेतला.

"या हिशेबानं होळीले तलावात क्रिकेट खेळता येईन," मागून आलेला धनंजय म्हणाला.

गावातल्या साऱ्या विहिरी या तलावाच्या जिवावर होत्या, उभा हरभरा त्यांच्यावर होता. आणि दुसऱ्याच दिवशी, शुक्रवारी, ग्रामसभा होती. सगळा तलाव असाच वखरून काढण्याचा ठराव अंकित तीत मांडणार होता, आणि गाव त्याच्या बाजूने होते. कारण खुद्द भागीरथाबाईंनी 'या पोराले समजते' असे म्हटले होते.

त्या घरी आल्या आणि सुरभीसमोर पाटावर बसल्या.

"तू तिथं नेमकं काय करतं?"

सुरभीला हा प्रश्न नोकरीच्या तीन वर्षांत प्रथमच विचारला गेला होता. "जाळ्यातला ढीग बोटीवर उलटतात ना, आजी. मी तो निवडते. कामाचं एकीकडे, बिनकामाचं एकीकडे, कोवळी पिल्लं वेगळी. मग वजन करते. म्हणजे सांगता येतं, की एवढ्याशा मासळीसाठी किती काय मारलं."

"निवडतं म्हन्जे. निवडणं कोणी शिकवलं तुले?"

"तूच. तुरीची डाळ."

भागीरथाबाईंनी पाट पुढे सरकवला. "आन् समुद्रही असाच गळतो काय?"

"समुद्र गळत नाही. पण आपलं बूड निदान तुडवता तरी येतं. तिथलं मोडलं, तर तिथं म्हशी घेऊन कोण उतरणार?"

हे मात्र भागीरथाबाईंना लागले. ज्याची इर्जिक कोणीच करू शकत नाही असे काम मोडून ठेवणे, याला त्यांच्या शास्त्रात क्षमा नव्हती.

"उद्या सुपं घेऊन येजो," त्या म्हणाल्या. "दोन."

ग्रामसभा शाळेच्या ओसरीवर भरली. अंकितने छान भाषण केले. जाळे मासळी काढते, बूड मोकळे होते, एका कामात दोन कामे. शेतकऱ्यांनी माना डोलावल्या. भैय्याजी पहिल्या रांगेत बसून मुलाकडे कौतुकाने पाहत होते. मग भागीरथाबाईंनी हात वर केला, आणि चिंधूने मंगळवारचा तो ढीग, पोत्यांसकट, बैलगाडीतून आणून सभेच्या मधोमध उलटवला.

तीन दिवसांत त्या ढिगाला असा काही वास आला होता, की पुढच्या रांगेतील मान्यवरांना एकाएकी मागच्या रांगेतील साधी माणसे आवडू लागली. भैय्याजींनी उपरणे नाकाला लावले. भागीरथाबाईंनी पदर नाकावरून डोक्यामागे आवळून बांधला आणि जन्मात ज्या वस्तूचे नाव घेतले नाही, तिच्यापुढे सूप घेऊन मांडी घातली.

"बस, सुरभी. पाखडू नोको. निवड."

नात आणि आजी निवडू लागल्या. टोपल्या भरत गेल्या, तशी कुजबुज थांबत गेली. बोटभर लांबीची पिल्ले, तीन टोपल्या. शिंपले आणि गोगलगायी, दोन. मोडलेले कमळकांदे आणि अंडी चिकटलेले शेवाळ, दोन. भागीरथाबाई डोळे बारीक करून एकेक वस्तू दोन बोटांनी उचलत आणि सुरभीला विचारीत, "हे कशात?" त्या कोणाला काही विचारीत आहेत, हे दृश्य पाहायला मागची माणसे पुन्हा पुढे आली.

"तुरीत इतकं निघालं असतं," त्या अंकितला म्हणाल्या, "तर मी बोरा तुह्या बापाच्या दुकानात परत पाठवला असता. भैय्याजी, तुमी सांगा. विकला तो माल किती होता?"

"दो टोपली, माताजी," उपरण्यातून आवाज आला.

"आन् हे?"

भैय्याजींनी बोटांवर मोजले. उभ्या आयुष्यात त्यांनी पोत्यामागे अर्धा किलो कचऱ्यावरून शेतकऱ्यांशी भांडणे केली होती. त्यांचा चेहरा हळूहळू बदलला. "सात झाल्या, अजून ढीग बाकीच हाये. अंकित! दो टोपली माल आन् सात टोपली कचरा? अबे, दुकान बंद करवतं काय? आन् हे बारके मासे पुढच्या साली कोण देईन तुले, तुहा मामा?"

"बाबा, मोठ्या बोटींवर असंच—"

"मोठी बोट तुह्या घरची हाये काय? भैताडा!"

ढिगाच्या तळाशी आता केवळ माती उरली होती. काळी, चिकण, वीतभर जाडीची ढेपळे. भागीरथाबाईंनी एक ढेपूळ उचलले. आत थरावर थर होते, फुगलेल्या भाकरीच्या पापुद्र्यासारखे. त्यांनी सूप बाजूला ठेवले आणि त्या उठून उभ्या राहिल्या.

"हे पाह्यलं काय? हे माती नोहे. हे आठ दिवस हायेत. या चिंधूच्या पणज्यानं तुडवलेले. आमी त्याले वावर समजलो. वावराले वखर लागते. हे तर मडकं हाये, आन् मडक्याचं बूड कोणी वखरते काय?"

एवढ्यावर थांबल्या असत्या तरी सभा जिंकली होती. परंतु चिंधू समोर उभा होता, आणि नत्थूजी वरून पाहत असणार. भागीरथाबाईंनी ओठ मिटले, उघडले, पुन्हा मिटले.

"परवानगी मी देल्ली होती," त्या म्हणाल्या. "चूक माही हाये."

धनंजयच्या हातातील चहाचा कप खाली पडला. बावन्न वर्षांच्या आयुष्यात आईच्या तोंडून हे वाक्य त्याने प्रथमच ऐकले होते.

"काय म्हणल्या?" कैलासांनी शेजाऱ्याला विचारले.

"ऐकू आलं नसंन तर राहू द्या," भागीरथाबाई गरजल्या. "दुसऱ्यांदा होत नसते!"

तलावाच्या बुडाला लोखंड लावू नये, मासळी फेकजाळ्यानेच काढावी आणि ते काम चिंधूकडेच असावे, असा ठराव झाला. भैय्याजींनी मुलाच्या वतीने मान डोलावली. ग्रामसेवक लिहीत होते. भागीरथाबाई त्यांच्या खांद्यावरून वाकल्या.

"समुद्राचंही लिहा."

"समुद्र आपल्या हद्दीत नाई ना, आजी."

"तालुका कोणता?"

"समुद्रपूर."

"मंग लिहा मुकाट्यानं. समुद्राच्या बुडालेही कोणी लोखंड लावू नये. धामणखेड्याचं असं म्हणणं हाये. आन् तिथं आमची नात निवडण्याच्या कामावर हाये, तेही टाका. मोजणी नोहे. निवडणं."

सुरभी सुपाकडे पाहत राहिली. तिला हसू येत होते आणि डोळ्यांत पाणी होते; ते वासामुळे आहे असे तिने सर्वांना सांगितले.

सभा मोडणार, एवढ्यात चिंधू पुढे झाला. पागोटे काढून त्याने हातात घेतले.

"बाई, कोपरा तर फुटला. मातीचा बांध घालून तेवढं पाणी उपसा लागते, माती टाकून तुडवा लागते. ठराव झाला, आता या पाण्यावर माहं पोट हाये. म्हन्जे काम माहं झालं." तो थांबला. "आता मी हाक देऊ काय?"

चार पिढ्या ज्या शब्दाची वाट पाहिली, तो असा मासळीच्या वासात आला. भागीरथाबाईंनी नाकावर बांधलेला पदर सोडला.

"दे बाबा," त्या म्हणाल्या. "लवकर दे."

सोमवारी पहाटे इर्जिक सुरू झाली. पाणी उपसायला अंकितचाच पंप लागला. भागीरथाबाईंनी घरोघर फिरून माणसे मोजली आणि एकोणचाळिसांवर थांबल्या. चाळिसाव्या त्या स्वतः. धनंजय म्हणाला, "माय, तू पाळीवर बसून सांगत राय." त्यांनी त्याच्याकडे अशा नजरेने पाहिले, की त्यानेच आधी चिखलात उडी घेतली. काष्टा गुडघ्यापर्यंत खोचून त्या उतरल्या. उजव्या हाताला कैलास, डाव्या हाताला कैलासांची म्हैस. अंकित जीन्स गुंडाळून तुडवीत होता आणि दर पाच मिनिटांनी घसरत होता. रजा वाढवून घेतलेली सुरभी मातीच्या टोपल्या ओतीत होती. हाक चिंधूची, म्हणून जेवणही त्याच्या दारी. पीठ मात्र भैय्याजींनी पाठवले आणि ते अंकितच्या हातखर्चातून कापले. इतरांसाठी मासळीचा रस्सा होता. चिंधूची बायको रुख्माबाई हिने भागीरथाबाईंसाठी कोरे मडके आणून वांग्याची भाजी वेगळी रांधली होती. यजमानाच्या घरी जेवल्याखेरीज इर्जिक लागू होत नाही, म्हणून त्या जेवल्या, आणि मीठ कमी आहे असेही सांगितले.

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी चिंधूने तुडवलेल्या तळावर घागरभर पाणी ओतले. सकाळी ते जसेच्या तसे होते. कैलासांनी हात धुतले आणि म्हशीची दोरी सोडली.

"कुठी चालला?" भागीरथाबाईंचा आवाज आला.

"घरी. गळती थांबली ना, काकू."

"गळतीसाठी कोण आलं इथं? पाच दिवस राह्यले."

"आता काय तुडवाचं? तुडवलेलंच?"

"तुडवलेलंच. केसोजीच्या वक्ती आठ दिवस होते. बांध म्हशीले."

आणि धामणखेड्याच्या चाळीस माणसांनी, जिथे काडीचे काम उरले नव्हते, ते बूड आणखी पाच दिवस तुडवले. सातव्या दिवशी ते इतके घट्ट झाले, की म्हैस त्यावर घसरून बसली आणि उठेना. जामहून येणारे-जाणारे पाळीवर थांबून विचारीत, काय चालले आहे? अंकित चिखलातून ओरडून सांगे, "उधारी! पणज्याची!"

आठव्या दिवशी सूर्य गिरडच्या टेकडीला टेकला तेव्हा भागीरथाबाई थांबल्या. पोटऱ्यांपर्यंत काळी माती, कपाळावर मातीचा एक आडवा पट्टा.

"चिंधू, दिवस?"

"आठ, बाई."

"माणसं?"

चिंधूने बोट फिरवीत मोजले. "सुरभीबाई धरून एकेचाळीस."

"तिले धरू नोको. ते समुद्राकडची हाये, तिले तिथं लागणार हाये. माणसं?"

"चाळीस."

"जेवणं?"

"झाले सारे. मीठ कमी होतं," चिंधू म्हणाला आणि प्रथमच हसला.

"मंग?"

चिंधू कोपऱ्यात उतरला. बांध फोडला. तलावाचे पाणी चिंचोळ्या धारेने आत आले, नव्या तळावर पसरले आणि स्थिर झाले. सगळे नत्थूजींच्या दगडाकडे वळले. कोपऱ्यात पाणी गेले, त्यामुळे दगडावर ते केसभर उतरले, आणि मग खाचेवर थांबले. अंधार पडेपर्यंत कोणी जागचे हलले नाही, आणि पाणीही हलले नाही.

चिंधूने वाकून भागीरथाबाईंच्या पायांवर ओंजळभर पाणी घातले. माती निघाली आणि खालचे म्हातारे गोरे पाय दिसू लागले.

"फिटली, बाई," तो म्हणाला. "केसोजीपासूनची सारी फिटली."